पुतळीची खोटी खबर

(सास्तूर. १९७४ सालचा वैशाख, टळटळीत दुपार. चांगुणाच्या घराची ओसरी. उमरग्याहून एसटीनं आलेली तिची धाकटी बहीण तारामती मांडीवर पिशवी घेऊन बसलेली.)

तारामती : नको अक्का, चहा नको. आधी पुतळीला बोलाव. चारची गाडी चुकली तर मग मुक्कामच.

चांगुणा : मुक्काम पडला तर घर काय खातंय का तुला? दीड वर्सानं लेकीला न्यायला आलीस, आन् पिशवीसुदीक खाली ठिवंना झालीस.

तारामती : मध्ये दोनदा येऊन गेले की.

चांगुणा : आलीस. एकदा सकाळी येऊन दुपारी गेलीस. एकदा पोरगी झोपल्याली बघूनच गेलीस. ‘उठवू नको, रडंल’ म्हणलीस. उठल्यावर रडलीच ती. तुला काय, उमरग्यात कुठं ऐकू येतंय.

तारामती : शाळा होती गं. शाळा, धाकटा, घर. हे तिकडं तलावाच्या कामावर, पंधरा पंधरा दिवस घरी नाहीत...

चांगुणा : आन् लिव्हणं.

तारामती : आणि लिहिणं. हो. बोल, बोलून घे. पण आता नेते मी तिला. जूनमध्ये पहिलीत नाव घालायचंय, माझ्याच शाळेत. डोळ्यांसमोर राहील. हा बघ, फ्रॉक आणलाय.

चांगुणा : लहान हुईल.

तारामती : सहा वर्षांच्या मापाचा आहे.

चांगुणा : तुझ्या मनातल्या पोरीच्या मापाचा हाय. ही पोरगी वाढली. दुष्काळात लोकांची गुरं बसली, पर ही रेशनच्या लाल मिलो जवारीच्या भाकरी खाऊन ताडताड वाढली. तुला सांगाय कुणी नव्हतं, एवढंच.

तारामती : कुठं आहे ती?

चांगुणा : शेजारच्या चन्नम्माच्या शेळीला पाला घालाय गेलीया. येईल. पर ती यायच्या आत ऐक. ती तुझ्यासंगं येणार न्हाय.

तारामती : तुझी सवय झाली असेल तिला. आठ दिवस रडेल, मग...

चांगुणा : सवयीचं न्हाय बाई ते. तुझ्या गोष्टीचं हाय.

तारामती : कुठल्या गोष्टीचं?

चांगुणा : दिवाळीच्या पुस्तकातल्या. खडीच्या कामावरली बाई, आन् लिंबाखाली झोळीत तिचं लेकरू.

तारामती : तुला कुणी वाचून दाखवली?

चांगुणा : मला एकलीला न्हाय, अख्ख्या गावाला दाखवली. सोसायटीचा सेक्रेटरी, गुंडप्पा. उमरग्याहून पुस्तक घिऊन आला. आमी बाया ओट्याम्होरं मिलोच्या रांगेत हुबा. म्हणला, ‘चांगुणाबाईच्या भैनीचं नाव छापून आलंय, माप सुरू व्हईस्तवर ऐका.’ मला इतका आनंद झाला तारा, मी पुतळीला धरून फुडं बसवली. म्हणलं, ऐक, तुझ्या आईनं लिव्हलंय.

तारामती : अगं देवा...

चांगुणा : वाचता वाचता पोरीचं नाव आलं. पुतळी. ही हसली. माझ्याकडं बघून म्हणती, ‘मावशी, मी हाय!’ साऱ्या बाया हिच्याकडं बघून हसलालत्या. मग लेकराला हगवण लागली, आई दगड फोडायची थांबंना. आन् मग त्यानं ते वाचलं. झोळी हालंना झाली ते. समद्या बाया पदर लावून रडलाल्या. माझ्या हातातला डबा पडला. आन् ही नुसती बसली गं, बघत.

तारामती : काही बोलली का?

चांगुणा : तवा न्हाय. घरी आल्यावर भाकरी मोडता मोडता इचारलं. ‘मावशी, मी कवा मेले?’

तारामती : अक्का, बास.

चांगुणा : बास कसं? तू आईचं नाव ठिवलंवतंस तिला. आपल्या मेलेल्या आईचं. म्या आजवर त्या नावाला हाड म्हणलं न्हाय. रागं भरायचं झालं तर ‘अगं बाई’ म्हणून हाक मारती. आन् तू त्या नावाला झोळीत मारून टाकलंस? दुसरं नाव मिळंना तुला?

तारामती : घातलं होतं. तीन नावं बदलली. पण ते पोर जिवंतच होईना. नुसता कागद. मग एक दिवस ‘पुतळी’ लिहिलं, आणि ती हसली, रांगली, माझा पदर ओढायला लागली. तुला खोटं वाटेल, पण ती इकडं तुझ्याजवळ होती आणि मी तिकडं रोज तिच्याशी बोलत होते. धाकट्याला निजवलं की कधी एकदा वही उघडते असं व्हायचं मला. पोर भेटायची ना तिथं.

चांगुणा : एसटीत बसली असतीस तर हितंबी भेटली असती. दोन तासाची वाट.

तारामती : कळतंय मला.

चांगुणा : बरं, भेटत व्हती. मग मारलीस कशाला?

तारामती : गोष्ट तिकडंच चालली होती. वाचवली असती तर ती खोटी झाली असती.

चांगुणा : गोष्ट काय बिनयेसणीचा बैल हाय? कासरा तुझ्या हातात व्हता की.

तारामती : होता. आणि मी सोडला. शेवटची ओळ लिहून झाली, तेव्हा मी काय केलं सांगू? उठले आणि डब्यातली चिमूटभर साखर तोंडात टाकली. इतकं बरं वाटलं होतं, अक्का. जमली म्हणून.

चांगुणा : साखर खाल्लीस.

तारामती : आता हेही ऐकून घे. तिला इथं आणून सोडलं तेव्हा तुला म्हणाले होते, उमरग्यात पाणी नाही, पोरीचे हाल होतात.

चांगुणा : खोटं व्हतं ते.

तारामती : तुला माहीत होतं?

चांगुणा : पाण्यासाठी आणलीस तर धाकटा का ठिवलास, एवढं कळंना व्हय मला? शाळंच्या गल्लीत टँकर येतंय, हे तुझ्याच मालकानं सांगितलंवतं. म्या म्हणलं, सांगंल कवातरी आपल्या तोंडानं.

तारामती : तिनं माझे बावीस कागद घागरीत बुडवले. प्यायच्या पाण्यात. दोन महिन्यांचं लिहिलेलं. मी शाळेतून आले तर ही घागरीपाशी बसलेली, हात शाईनं निळे. म्हणाली, ‘कागद वाळले होते, पाणी पाजलं.’ मी तिला मारलं. गाल सुजेपर्यंत मारलं. शेजारची सत्यभामा धावत आली, तर तिला म्हणाले, हिनं घागरभर पाणी नासलं. तीपण म्हणाली, मग मारायलाच पाहिजे, पाणी काय स्वस्त आहे? पण मी पाण्यासाठी नव्हतं मारलं, अक्का. कागदांसाठी मारलं. दुसऱ्या दिवशी इकडं आणली. माझ्या हाताचीच भीती वाटली मला. आणि मनात असंही होतं, चार महिने मिळतील. लिहून होईल.

चांगुणा : चाराचं दीड वर्स झालं.

तारामती : झालं. एक गोष्ट झाली की दुसरी यायची. लिहिणं सोडते मी आता.

चांगुणा : सोडू नगंस. माझी भैन छापून येती, हे मी गावभर सांगती आजूनबी. लिव्हणं वाईट हाय असं माझं म्हणणंच न्हाय. पर पोरीला म्या काय सांगितलंय ते ऐकून घे, म्हंजी तुझ्या तोंडून काय उलटं जायचं न्हाय. म्या म्हणलं, तुझ्या डोक्याला कावळा शिवला व्हता.

तारामती : कावळा?

चांगुणा : मास्तरीण झालीस, इसरलीस? कावळा शिवला की त्या माणसाच्या मरणाची खोटी खबर सोयऱ्याधायऱ्यात धाडत्यात. मायनं ती ऐकून खरंखरं रडायचं. मग खरं मरण टळतंय, आवरदा वाढतंय. म्हणलं, तुझ्या आईनं ती खबर छापून धाडलीया, समद्या मुलखात, म्हंजी तू शंभर वर्सं जगशील.

तारामती : आपण सोडलंय हे सगळं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आबांनी देव विहिरीत सोडले...

चांगुणा : मीबी हुबी व्हते त्या हिरीवर. तू माझा पदर धरून व्हतीस. सोडलंय, म्हाईत हाय. पर साडेपाच वर्साचं लेकरू हातात भाकरीचा तुकडा धरून इचारतंय, मी कवा मेले. त्याला काय सांगू? गोष्ट खोटी असती म्हणून? गुंडप्पा सांगून बसला, छापल्यालं हाय म्हंजी खरंच. मग मला कावळाच घावला बाई... आली बघ. पुतळे, पाय धू आधी. बघ कोण आलंय.

पुतळी : जय भीम, बाई.

तारामती : जय भीम... अगं, बाई काय म्हणतेस? ये. किती उंच झालीस तू!

चांगुणा : आई हाय ना ती तुझी? आई म्हण.

पुतळी : म्हाईत हाय. पर त्या मास्तरीणबाई हाईत ना.

तारामती : हा बघ फ्रॉक. तुझा आहे.

पुतळी : लहान हाय. चन्नम्माच्या नातीला हुईल.

तारामती : उमरग्याला दुसरा घेऊ. आपण जायचं ना? शाळेत नाव घालायचंय तुझं. धाकटा भाऊ वाट बघतोय.

पुतळी : तुमच्या गल्लीतल्या लोकांनी वाचलंय का ते पुस्तक?

तारामती : वाचलंय. काहींनी.

पुतळी : मग मी न्हाय येत. मला बघून भ्यातील लोक. तिकडली पुतळी मेलीया.

तारामती : मी सांगेन ना सगळ्यांना. ती वेगळी, ही वेगळी.

पुतळी : वेगळी न्हाय. झोळीतली पुतळी अंगठा चोखती, मधलं बोट नाकावर ठिवून. मी तशीच चोखायची. मावशीनं सोडवलं.

चांगुणा : बास कर गं. बाईमाणूस दमून आलीया.

पुतळी : एकच इचारती. बाई, कावळा शिवला म्हणून लिव्हलंत ना तुमी?

तारामती : ...हो. कावळा शिवला म्हणून.

पुतळी : मग लिव्हताना रडलात का? मावशी म्हणती, मायनं रडाय लागतंय. लटकं न्हाय, खरं.

चांगुणा : रडली की. लई रडली. डोळं सुजलंवतं तिचं.

पुतळी : तू नगं सांगू. बाईंनी सांगावं.

तारामती : नाही.

चांगुणा : तारा!

तारामती : नाही रडले मी, पुतळे. एवढं तरी तिला खोटं नको सांगायला, अक्का.

पुतळी : मग लागू पडलं न्हाय? मी मरणार?

तारामती : नाही गं, नाही! लागू पडलं. तू सांग, ते वाचलं तेव्हा मावशी रडली होती ना?

पुतळी : रांगेत. डबा पडला तिचा. मग रातच्यालाबी रडली. मी झोपले म्हणून तिला वाटलं.

तारामती : खरंखरं रडली?

पुतळी : नाक ओढत व्हती.

तारामती : मग झालं तर. लागू पडलं. शंभर वर्षं.

पुतळी : पर मायनं रडाय लागतंय ना?

तारामती : मायच रडली ती.

चांगुणा : तारा, असं नगं बोलूस. पोर हाय ती, आठ दिवसांत इसरंल. घिऊन जा, मी बी येती संगट चार दिस.

तारामती : नको. हिचं नाव इथल्याच शाळेत घाल. मी दर रविवारी येईन. खरंच येईन. फ्रॉकची खालची मुडप उसवली तर उन्हाळा निघेल. चल, चारची गाडी...

चांगुणा : बस घटकाभर. पाणी तरी पी. पदर काढ तोंडावरचा... पुतळे, तांब्या आण गं आईला.

पुतळी : हा घे. पाणी पी. आता कशाला रडतीस, आई? मावशीनं कवाच रडून ठिवलंय.