कानात म्हटलेली प्रार्थना

नाही हो हबीबाखाला, सांगितलं ना – रडलं नाही. तुम्ही बाहेर बाकड्यावर होतात, तुम्हाला आतला आवाज कुठून येणार? भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालू आहेत, दिवसभर खडखड – त्यात माणसाला काहीही ऐकू येतं. मलासुद्धा येतं. सिस्टर म्हणाल्या तेच खरं, पोटातच गेलेलं होतं. मी? मी नेत्रा. शिकाऊ आहे, बाळंतपणं करायला शिकतेय अजून. माझं काय ऐकता, सिस्टरना विचारा ना.

तुमची सून रुबीना झोपलीय. इंजेक्शन दिलंय. उठली की तुम्हीच सांगा तिला, मला नका सांगायला लावू, माझ्यानं नाही होणार. बाळ द्या इकडे, हात भरून आले असतील – नको? बरं, असू दे मांडीवर. तोंडावरचं कापड मात्र नका काढू. बरं, काढा. तुम्ही आजी त्याची, मी कोण अडवणारी.

कळतं हो मला, तुम्ही का विचारताय ते. मगाशी तुम्हीच म्हणालात – रडलेलं असलं तर नाव ठेवायचं, माणसं बोलवायची, जनाज्याची नमाज पढायची. नसलं तर कापडात गुंडाळून न्यायचं नि दफन करायचं, नमाज नाही. तुमचा मुलगा, इद्रीसभाई, कफनाचं कापड आणायला गेलाय, येईल एवढ्यात, आणि आल्या आल्या पहिलं हेच विचारेल. आम्ही ख्रिस्ती, पडघ्याचे – पप्पा दर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतात – आमच्यात रडलं का, न रडलं का, असं कोणी विचारत नाही. पाळक येतात, प्रार्थना करतात, संपलं. संपलं म्हणजे – संपत नाहीच म्हणा.

मी ना, प्रत्येक बाळंतपणाआधी प्रार्थना करते. हातमोजे घातले की कशाला हात लावायचा नसतो, म्हणून मनातच. प्रभू, आईला वाचव, बाळाला वाचव. आजपण केली. ऐकलं नाही त्यानं. असं बोलू नये – पण नाही ऐकलं! डॉक्टरना फोनवर फोन, सिस्टर म्हणतायत रस्त्यात आहेत, गोडाऊनच्या ट्रकांमध्ये अडकलेत, येतीलच – आणि इकडे मी पाठ चोळतेय, नळीनं तोंडातलं पाणी ओढतेय, त्या लहान फुग्यानं हवा देतेय – सगळं केलं हो, शिकवलं तस्संच केलं. काहीच चालेना, तेव्हा कानाशी तोंड नेलं. तुमच्यात बाळाच्या कानात अजान देतात ना? ती मला येत नाही. मग मला येतं तेच म्हटलं, हळूच – देवबापा, याला जवळ घे, किती घाबरलाय बघ –

काय?

नाही, तसं नाही – गेलेल्या बाळाच्या कानात कशाला – मी आपलं – घाबरलाय म्हणजे –

असं बघू नका ना, खाला. हो. हो, रडला! एकदाच. मांजराचं पिल्लू करतं ना, तेवढंच, बारीक. माझं बोट धरलं होतं त्यानं. मग दम लागायला लागला, ओठ निळे पडत गेले, आणि डॉक्टरांचा पत्ता नाही. सिस्टर म्हणाल्या, गेलेलंच जन्मलं असं सांगायचं, नाहीतर लोक दवाखाना फोडतील, आणि तुझं ट्रेनिंग आजच बंद. घरात मी एकटीच शिकलेय हो. पण तुम्ही नाव ठेवा त्याचं. चांगलं नाव ठेवा, नमाज पढा. मी सांगेन इद्रीसभाईंना, तुमच्यासमोर सांगेन, येशूचं लेकरू आहे मी, या तोंडानं खोटं नाही बोलणार. रडू नका, धरा माझा हात, मी आहे ना, तुम्ही फक्त –

आले वाटतं. मागे कोण – सिस्टरपण आहेत.

हां, भाई. हां, मीच होते आत.

नाही. रडला नाही.

सोडा ना, खाला. हात सोडा माझा. उठा आता, बाकडं पुसायचंय.