इंग्रजीची दोन वाक्यं

त्या दिवशी ऊन असं होतं, की सोलापूरच्या डांबरावर चप्पल चिकटत होती. कापडगिरणीत मागापुढं उभं राहून राहून माझे गुडघे गेलेले, म्हणून मी गेटवरची बसायची नोकरी मागितली होती. साहेब म्हणाले होते, "आधी इंग्रजी वाक्यं शिकून ये." गेटवर येणारे सगळे कुंभारीचे, नाहीतर सांगोल्याचे. त्यांच्याशी इंग्रजी कशाला बोलायची, हे साहेबांनाच ठाऊक!

तरी दोन महिने प्रौढांच्या वर्गात बसलो. मास्तर सांगायचे, "घोकू नका. समोर दिसंल ते बोला."

आता साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "हं, बोल."

मी दमानं त्यांच्याकडं बोट केलं. "यू आर सिटिंग." मग स्वतःकडं केलं. "आय ॲम स्टँडिंग."

साहेब लालबुंद झाले. "मला टोमणे मारतोस?"

"न्हाय साहेब, दिसलं ते बोललो की."

"चल, जा मागावर!"

संध्याकाळी शेजारच्या रेवणसिद्धाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मामा, त्याला इंग्रजी पायजे हुती, खरं कुटं पायजे हुतं?"