लाल रेघेच्या वर

नाय नाय, पेटी तशी ओढू नका — मागचा पाय कुजलाय तिचा. आतले पितळी सूर, त्या वाजणाऱ्या पट्ट्या, चांगले हायत, हेडसर बोलले ना फोनवर? त्यासाठीच तर पुण्याहून आलात तुम्ही. बाकीची पायपेटी मोडीत टाका म्हणाले. — शाळेत कशी आली? नाटकवाल्यांची ही. घाट बंद पडला म्हणून इथल्या बाजारातल्या रऊफशेठच्या आजोबांच्या गोदामात ठेवून गेले, ते परत आलेच नाय. मग त्यांनी शाळेला दिली, पोरं तरी वाजवतील म्हणून. पोरं कसली वाजवतात! पाय कुठं पोचतात भाता हलवायच्या खालच्या फळ्यांना? आमची श्रुतिका — माझी बहीण, पाचवीत होती — बोटं झरझर चालायची, पाय लोंबकळत. मग मी खाली बसून हातांनी फळ्या दाबायचो. मी शिपाई इथला, नववीत शाळा सोडली. पण सकाळची प्रार्थना आम्हा दोघांची. पोरं हसायची — "सदूदादा पेटीच्या पोटात गेला रे!"

भिंतीवरची लाल रेघ बघितलीत? दोन हजार पाचच्या पुराची. इथं बाजारात घरोघरी अशी खूण हाय. पाणी चढायला लागलं की सामान रेघेच्या वर ठेवायचं आणि निवांत व्हायचं. एकवीस साली शाळा बंदच होती, करोनाची. मी वाडीवर निघालेलो — वरंधच्या वरच्या अंगाला हाय आमची वाडी — एसटीत पाय ठेवला आणि श्रुतिकाचा फोन. "दादा, पेटी वर ठेवलीस काय रे? ठेव, मगच ये." उतरलो. शाळेशेजारच्या नागसेनला हाक मारली, बाकं रचली, दोघांनी चढवली. रेघेच्या वर वीतभर. तोवर एसटी गेली — शेवटचीच होती ती.

पाणी रेघेच्या वर हातभर आलं. आणि वाडीवर दरड. — हो, घरात सगळे होते. मी नव्हतो. लोक म्हणतात, पेटीनं तुला वाचवलं. म्हणू देत. डोंगर जरा वाजला की श्रुतिकाला उचलून घराबाहेर न्यायचो मी. दरवेळी न्यायचो. झोपेतच असायची ती.

खिळे गंजलेत, जपून काढा हां. सूर सगळे न्या. त्या खालच्या दोन फळ्या तेवढ्या राहू द्या. तुम्हाला काय उपयोग, लाकूडच ते — नाय, मलापण काय उपयोग नाय. राहू द्या पण.

नका — तो सूर फुंकून नका बघू. टाका पिशवीत. झालं ना? सरका, कुलूप लावायचंय मला.