दमा म्हणून भरती

(मयूर विहारमधलं छोटं नर्सिंग होम, दुपार. आत विनया ऑक्सिजनवर. बाहेरच्या बाकावर तिचा नवरा दिलीप, दहावीतली मुलगी मैत्रेयी आणि शेजारच्या ब्लॉकमधले, तिला रसायनशास्त्र शिकवणारे हरिदास सर.)

मैत्रेयी : सोसायटीने विष वाटलं, सर. घरोघर, साध्या पिशवीतून, वर नाव नाही की काही नाही.

हरिदास : हळू बोल. टाकीच्या पाण्याला वास येतो म्हणून तुम्हीच सगळे ओरडत होतात. घरच्या टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर होती ती.

मैत्रेयी : आईला वाटलं, धुण्याचा सोडा. संडासात टाकली आणि वरून तेजाब, ते डाग काढायचं ॲसिड, ओतलं.

दिलीप : तेजाब ती नेहमीच ओतते. दारावर येणाऱ्या सायकलवाल्याकडून घेते, दारूच्या बाटलीत. इथल्या खाऱ्या पाण्याचे डाग दुसऱ्या कशाने निघतात?

मैत्रेयी : CaOCl₂ + 2HCl → CaCl₂ + H₂O + Cl₂. मागच्या टेस्टला पूर्ण मार्क दिलेत मला. क्लोरीन वायू, पिवळट हिरवा, उग्र वासाचा. संडासाचं दार उघडलं तर बिल्कुल तसाच.

हरिदास : डॉक्टर काय म्हणतात?

दिलीप : दम्याचा अटॅक.

हरिदास : ते म्हणतात, की तुम्ही सांगितलंत?

दिलीप : मी सांगितलं. काउंटरवाल्याने पहिलाच प्रश्न केला, "कुछ पिया-विया तो नहीं? पुलिस केस हम नहीं लेते." ओठ निळे पडले होते हो तिचे! काय करायला हवं होतं मी?

मैत्रेयी : आता तिला बरं वाटतंय, घरी न्या म्हणतायत.

हरिदास : घरी? छे, छे! न्यायचं नाही. कॉलेजात लॅबमध्ये एकाला झालं होतं. तासाभरात हसत होता, आणि रात्री फुप्फुसात पाणी भरलं.

मैत्रेयी : मग काय झालं त्याचं, सर?

हरिदास : गेला.

दिलीप : अरे देवा.

मैत्रेयी : बाबा, जा. खरं सांगा.

दिलीप : आणि ते म्हणाले तर, नवऱ्याने पाजलं असेल म्हणून? दिल्ली आहे ही. बायको मेली की आधी नवऱ्याला उचलतात. नव्या कंपनीत अजून कायमही झालेलो नाही मी. कोण विश्वास ठेवणार?

मैत्रेयी : सोसायटीचे सेक्रेटरी तुम्हीच आहात, सर. पावडर आमची, असं तुम्हीच सांगा. सांगाल ना, सर?

हरिदास : मैत्रेयी, उद्या अख्खी सोसायटी माझ्या दारात येईल. शाळा ठेवेल मला?

मैत्रेयी : नाही ठेवणार.

दिलीप : सरांशी असं बोलतात?

मैत्रेयी : तुम्ही गप्प बसा, बाबा! पोतं यांच्या बाल्कनीत फोडलं. यांनी कपाने पिशव्या भरल्या. आयन शिकवता, सर, आकडा चुकला तर शून्य देता, आणि पिशवीवर दोन शब्द लिहायला हात दुखला?

हरिदास : वाटलं, वासावरून कळेलच सगळ्यांना.

मैत्रेयी : आईला बारा महिने सर्दी असते.

दिलीप : सर... नर्स तिचा ऑक्सिजन काढतेय. चप्पल घालायला सांगतेय.

मैत्रेयी : डॉक्टर जिन्याकडे निघाले, सर. बाबा नाही सांगणार. मी सांगितलं तर पोरगी म्हणून हसतील. तुम्ही उठताय की नाही?

हरिदास : (खिशातला फोन काढून बघू लागतात.)

मैत्रेयी : सर, मी विचारतेय.