एक धड संकट

एक्स-रेच्या खोलीबाहेर मी माझा कुरकुरता गुडघा घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाकावर आई, बाबा आणि मनगट छातीशी धरलेली त्यांची मुलगी. मनगट टम्म सुजलं होतं. आई मात्र खुलली होती.

“शाळेच्या अर्जात स्वतःबद्दल लिहायचंय, तेही चारचौघांपेक्षा वेगळं. आता कसं आयतं मिळालं! लिही, ‘हात मोडला तरी मी चित्रं काढत राहिले.’”

“आई, मला चित्रं काढता येत नाहीत.”

“मोडलेल्या हाताला कोण विचारतंय?”

“अगं, पोरीला दुखतंय.”

“दुखू दे की, तेही घालू. तुमच्या लेकीवर आजवर एक धड संकट आलं नाही. चूक कुणाची?”

“माझीच. धडधाकट राहिलो ना!”

तेवढ्यात एक्स-रे काढणारा बाहेर आला.

“काही मोडलेलं नाही. नुसतं मुरगळलंय.”

“नीट बघा ना हो! एखादी बारीकशी चीर तरी?”

“नाही हो ताई. हाड ठणठणीत आहे.”

“झालं! बोंबलला प्रवेश. कार्टे, पडलीस तरी कशी?”

“खिडकीतून उडी मारली.”

“कशाला?”

“तू पुन्हा स्वतःबद्दल लिहायला बसवणार होतीस.”

बाबा खो खो हसले. “हेच लिही बाळा. खरंही आहे, आणि असं दुसऱ्या कुणाचं नसणार.”

आईने पिशवीतून पेन काढलं. मग म्हणाली, “खिडकी तळमजल्याचीच ना?”

“हो.”

“तिसरा मजला लिही.”