मनगट धरायचं असतं

—नाही, बसायचं नाहीये मला. उभ्यानेच बोलते. बसले की माझा राग उतरतो, आणि आज तो उतरू द्यायचा नाही असं ठरवूनच आलेय. हा फॉर्म बघा, डॉक्टर. जहाज कंपनीचा, तुमच्या सहीचा. 'प्रवासास सर्व दृष्टीने सक्षम.' कोण सक्षम? हे? तपासलंत तरी का ह्यांना, की पत्ते पिसता पिसता सही ठोकलीत? हसू नका. एकतीस वर्षं अर्जांच्या खिडकीवर बसलेय मी. एक रकाना रिकामा असला तरी माणूस परत पाठवायचे, मग तो साहेबाचा मेव्हणा का असेना. आणि तुमच्याकडे म्हणजे आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

हे जहाज म्हणजे काय वाटलं तुम्हाला — नाचगाणी, पोहायचा तलाव? बावीस माणसांची बोट आहे ती. बारा दिवस थंडी, बारा दिवस पाऊस, आणि रोज दोनदा शिडीवरून रबरी होडीत उतरायचं. खालचं पाणी असं, की पडलं तर दहा मिनिटांत माणूस गार. म्हणून त्यांनी लिहून पाठवलंय — हात धरायचा नाही, मनगट धरायचं. खलाशाने तुमचं, तुम्ही खलाशाचं. ओला हात निसटतो. झालं, ह्यांना उत्साह. दोन महिने आमच्या न्हाणीघरात तालीम चाललीय. दोघांच्या अंगात रेनकोट, पायात गमबूट, फरशीवर बादलीभर पाणी ओतलेलं. मी स्टुलावर, म्हणजे जहाजात — हे खाली, म्हणजे होडीत. मुलगी म्हणते, तुम्हा दोघांना वेड लागलंय. लागू दे. चाळीस वर्षं गोदीत क्रेन चालवली ह्यांनी, दुसऱ्यांची जहाजं भरून दिली, एकावरही कधी पाय ठेवला नाही. एवढी एक हौस करू नये माणसाने?

तर मंगळवारी मी स्टुलावरून पाय टाकला, ह्यांनी मनगट धरलं — आणि बोटं उघडली. सोडलं नाही हो, उघडली आपोआप. मी थेट बादलीवर. हे कोपर बघा, अजून काळंनिळं आहे. म्हणाले, साबण होता. कुठला साबण? तो मीच उचलून ठेवते रोज. — कधीपासून म्हणजे? मला काय विचारता, डॉक्टर तुम्ही की मी? बरं, सांगते. शर्टाच्या गुंड्या गेल्या हिवाळ्यापासून मी लावते. कप अर्धाच भरते, पूर्ण भरला तर सांडतो. त्यात काय एवढं, नवराबायकोत चालतंच. पण तुम्हाला दिसू नये? दर रविवारी समोर बसून खेळता ना? ह्यांची पानं कोण लावून देतं? मी. तुम्हाला वाटतं, बाई चोरून बघतेय.

फॉर्म उलटा का करताय? मागे प्रश्न आहेत, माहितेय मला. हात थरथरतात का — नाही. पकड कमी झालीय का — नाही. वस्तू हातातून पडतात का —

हो. माझंच अक्षर आहे. बोट ठेवून दाखवू नका, कळतं मला. सगळे रकाने भरलेत, एकही रिकामा नाही. मग काय करायचं होतं मी? आधी ह्यांनीच फॉर्म भरायला घेतला होता. वर्तमानपत्राच्या कडेला स्वतःचं नाव लिहून बघत होते, अर्धा तास. मी स्वयंपाकघरातून बघतेय. मग पेन माझ्याकडे सरकवलं आणि खिडकीबाहेर तोंड करून म्हणाले, "चष्मा सापडत नाहीये. तूच लिही." चष्मा नाकावर होता, डॉक्टर. मी लिहिलं. तेव्हाच बोलायला हवं होतं, कळतंय, तुम्ही नका असं बघू माझ्याकडे.

बाहेर बाकावर बसलेत. माझं बीपी बघायचंय असं सांगून आणलंय त्यांना. एवढ्या उन्हात रेनकोट घालून आलेत, म्हणे अंगवळणी पडायला हवा. हा फॉर्म तुम्ही फाडा — मी नाही, तुम्ही, त्यांच्यासमोर. तुमची सही आहे, तुम्हीच सांगा काय ते. वाट्टेल ते बोलतील, ऐकून घ्या. तुमच्यावर रागावू द्या त्यांना. मला त्यांच्याबरोबर घरी जायचंय.

बोलवा.