अतियाची खिडकी

नेरच्या पोस्टात दोन खिडक्या चालू होत्या. एक रिकामी, दुसरीपुढे रांग, आणि त्या रांगेत माझ्यापुढे हे दोघे.

"मोहिउद्दीनभाई, तिकडची खिडकी खाली हाये. तुमी इथं कायले उभे?"

"नंदूभाऊ, ह्या खिडकीवर माही अतिया बसली. आज पह्यलाच दिवस हाये तिचा."

"मंग हाक मारा ना पोरीले. पटकन काम होईन."

"हाक मारली तं ती माह्याकडंच पाहीन. लोकायसंग कशी बोलते, ते मले कसं आयकू येईन?"

"अन् गॅरेज?"

"बंद ठेवलं. दोन मोटारसायकलवाले ओट्यावर बसून हायेत. बसू द्या."

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "आजी, सही येत नसन तं अंगठा चालते. सावकाश करा, काही घाई नाही."

"आयकलं? बुढीले तिसऱ्यांदा सांगून राह्यली. घरी मी एक गोष्ट दुसऱ्यांदा विचारली तं अंगावर येते!"

"बापावर गेली म्हणा."

"मायवर गेली!"

"पुढचे या... अब्बा? तुमी? काय काम होतं?"

"काम? काम तं काही नाही, बेटा."

"मंग बाजूले व्हा. मागं लोक उभे हायेत."

"आयकलं का नंदूभाऊ? मले हाकललं तिनं! सगळ्यायच्या देखत!"

"अन् आता कुठी चालले?"

"गॅरेजवर. ते दोघं बसले हायेत ना, त्यायले सांगाले!"